डॉक्टरीणबाईंचं उलटं स्टेअरिंग

जिची तपासणी झाली तिच्या नवऱ्यानं मोटारीचं हँडल मारायचं, असा आमच्या डॉक्टरीणबाईंचा नियम होता. त्यांची मोटार जुनी, बटण दाबून सुरू होणारी नव्हे. पुढे लोखंडी हँडल घालून जोरात फिरवायचं, आणि ते उलट झटका देतं तेव्हा मनगट वाचवायचं. बाई म्हणायच्या, "नऊ महिने तिनं ओझं वाहायचं, तर यानं दोन फटके मारायला काय हरकत आहे?"

मिरजगावला या नियमाचा भलताच अर्थ लागला. एका फटक्यात मोटार सुरू झाली तर मुलगा, दोन लागले तर मुलगी, अशी समजूत पसरली. नवरे घरून तूप खाऊन येऊ लागले. बाईंच्या कानावर गेल्यावर पुढच्या गुरुवारी त्यांनी नवऱ्यांना बाजूला केलं आणि सासवांना हँडलपाशी उभं केलं. एका थोराड म्हातारीनं पदर खोचून खरंच एका फटक्यात इंजिन चालू केलं.

"छान," बाई म्हणाल्या. "आता आजीबाई, तुम्हाला काय होणार?"

त्यानंतर ती समजूत मिटली. नियम मात्र राहिला.

मी तेव्हा नगरला बाईंच्या दवाखान्यात नर्स होते. औषधांचा साठा, पट्ट्या, पेट्रोलची कुपनं, सगळं माझ्याकडे. मला कामाची यादी केल्याशिवाय चहा गोड लागत नाही, आणि बाईंना यादी दिसली की त्यांचं डोकं उठायचं. आमचं चांगलं जमायचं, कारण मी त्यांना यादी दाखवत नसे.

बाई उंच, हाडकुळ्या, आवाज खणखणीत. आडनावावरून माणूस कुठला ते शोधणाऱ्यांना त्या सांगायच्या, "ख्रिस्ती मास्तरांची मुलगी, नेवाशाकडची. पुढे विचारा, दुखतंय कुठे?" लग्न केलं नव्हतं. मोटार अनवाणी चालवायच्या, कारण चपलेतून पायाला ब्रेक कळत नाही असं त्यांचं मत. मोटारीचा भोंगा बिघडला तेव्हा तो दुरुस्त न करता त्यांनी शाळेतली एक पितळी घंटा आणली. भोंग्यानं बैल बुजतात, घंटेनं बुजत नाहीत, हे त्यांनी म्हणे स्वतः पाहिलं होतं. घंटा वाजवायचं काम शेजारी बसणाऱ्याचं, म्हणजे माझं. स्टेअरिंगचं लाकडी कडं तडकलं तेव्हा त्यांनी त्याला मोडक्या हाताला घालतात तसं प्लॅस्टर घातलं. जेवण मडगार्डवर ठेवून उभ्यानं. कोणी रडू लागलं की एकच वाक्य ठरलेलं: "घाबरायचं असेल तर घरी जाऊन घाबरा, इथे काम आहे."

ही मोटार त्यांनी एका गोऱ्या इंजिनिअराकडून घेतली होती. तो विलायतेला निघाला तेव्हाच ती म्हातारी होती. ती बनवणारी कंपनीही मागेच बंद पडलेली. पण वर कापडी टप, मागे बाकासारखी ऐसपैस सीट, आणि खडीच्या रस्त्यावर न मोडणारे स्प्रिंगचे पाटे. दर गुरुवारी सकाळी आम्ही सोलापूर रस्त्यानं मिरजगावला जायचो. तिथे धर्मशाळेच्या ओट्यावर बाई बायकांना तपासायच्या. आसपासच्या वाड्यांवरून बायका पायी यायच्या.

ती फेरी कधीच चुकवायची नाही, यावर बाई अडून असायच्या, आणि त्याचं कारण मला पहिल्याच वर्षी कळलं. एकदा पुलाच्या कामामुळे आम्ही एक गुरुवार गेलो नाही. पुढच्या गुरुवारी निम्म्याच बायका आल्या. बाकीच्यांच्या घरी सांगितलं गेलं होतं, "गेल्ता की मागल्या बारीला. आली का तुमची डाक्टरीन? ऱ्हा आता घरी." सासरी एकदा मिळालेली परवानगी वाया गेली की दुसऱ्यांदा मिळत नसे. त्या वर्षी न आलेल्यांपैकी दोघी बाळंतपणात गेल्या.  त्यानंतर एकही गुरुवार चुकला नाही.

आणि मग स्टेअरिंग गेलं.

एकदम नाही गेलं. स्टेअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाला एक लोखंडी डबा असतो. आत दांड्याचे आटे आणि त्यांना चावणारा एक दातेरी तुकडा. स्टेअरिंग फिरवलं की आटे तो तुकडा ढकलतात आणि पुढची चाकं वळतात. आमच्या डब्यातले आटे झिजले होते. आधी थोडं मोकळं फिरायचं, मग पाव फेरा, मग जवळजवळ अर्धा फेरा फिरवला तरी चाकांना पत्ता नसे. बाई वळण दिसायच्या आधीच वळायला सुरुवात करायच्या. दुसरी मोठी लढाई चालू होती तोवर सुटे भाग मिळणं शक्यच नव्हतं, आणि लढाई संपल्यावर कंपनीच नव्हती.

रुईछत्तिशीच्या पुढे एकदा आम्ही एका कडब्याच्या गाडीत सरळ घुसलो. लागलं कोणालाच नाही, पण बातमी नगरला आमच्याआधी पोचली. दवाखाना एका ट्रस्टचा होता, आणि ट्रस्टचे चिटणीस फार सरळ आणि फार भित्रे गृहस्थ होते. ते स्वतः आले.

"बाई, ही मोटार विकून टाकू. फेरी बंद. ज्यांना गरज आहे त्या नगरला येतील."

"येत नाहीत."

"मग स्टेअरिंग दुरुस्त करा. मी स्वतः मागे बसून मिरजगावपर्यंत येईन. मला धोका वाटला नाही तर फेरी चालू, वाटला तर त्याच दिवशी बंद."

"कबूल," बाई म्हणाल्या. त्यांनी सुट्या भागाचा विचार केलाच नव्हता. तो मी करणार हे त्यांनी गृहीत धरलं होतं.

मी केला. मुंबई, पुणे, सोलापूर, जिथे जिथे मोटारींचं सामान विकणारे होते त्यांना कार्डं टाकली. उत्तरं आली ती सगळी नकाराची, एकानं तर मोटार म्युझियमला द्या असं सुचवलं. तोवर आमचे मिस्त्री डिस्पोजलची बातमी घेऊन आले. लढाई संपल्यावर लष्कराचा जुना माल लिलावात निघाला होता. भिंगारच्या पलीकडे एका ठेकेदारानं अमेरिकन गाड्यांचा डोंगर रचला होता.

मिस्त्री म्हणजे नगरातल्या झेंडीगेटचे एक गृहस्थ. वयानं बाईंएवढे, आत्मविश्वासानं त्यांच्याहून जास्त. दोघांनी मिळून त्या ढिगात एक डबा शोधला. आट्यांना खोट नाही, दांड्याची लांबी तीच, भोकंसुद्धा जवळपास जुळत होती. फक्त एक भानगड होती. अमेरिकन गाड्यांचं स्टेअरिंग डावीकडे. आमचं उजवीकडे. डबा आमच्या बाजूला लावला की त्याचा वळवणारा दांडा इंजिनाकडे तोंड करायचा.

"मग उलटा करा," बाई म्हणाल्या.

"तेच म्हंतो मी," मिस्त्री म्हणाले. "उलटा केला की बसतो. बसला म्हंजे बसला. स्टेअरिंग फिरलं की चाक फिरतं, अजून काय पायजे मानसाला?"

डबा उलटा करून बसवला. अगदी घट्ट, कणभर मोकळीक नाही. बाई खुशीत बसल्या, मी घंटा घेऊन बसले, मिस्त्री पायरीवर उभे राहिले. मिस्त्रींच्या दुकानाच्या दारातून निघून बाईंनी उजवीकडे स्टेअरिंग फिरवलं आणि मोटार डावीकडे वळून समोरच्या चहावाल्याच्या बाकावर चढली.

चहावाला ओरडला. मिस्त्री खाली उतरले, डब्याकडे पाहिलं, टोपी काढली, पुन्हा घातली. डबा उलटला की आतली हालचालही उलटते, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"ह्याला डावीवाला चालत न्हाई, बाई," ते म्हणाले. "उजव्या हाताचाच डबा पायजे."

"तो कुठे आहे?"

"कुठंच न्हाई."

"मग गुरुवारी हाच."

मला वाटलं त्या चेष्टा करताहेत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मोटार भिंगारच्या माळावर नेली, म्हणजे मिस्त्रींनी ढकलत नेली. मी औषधांची रिकामी खोकी रांगेनं मांडली. बाई त्यांच्यामधून नागमोडी जायच्या. पहिल्या दिवशी एकही खोकं उभं राहिलं नाही. "आरशात बघून दात काढता येतो," त्या म्हणाल्या. "हेही तेच आहे." रोज संध्याकाळी माळ, खोकी, आणि बाईंचं स्वतःशी बोलणं. त्यातल्या शिव्या ऐकून मी एकदा मिस्त्रींकडे पाहिलं, तर ते दुसरीकडे बघत होते. मधला एक गुरुवार आम्ही भाड्याच्या टांग्यानं, रस्त्यात मुक्काम करून काढला. त्याच्या पुढच्या आठवड्यात सगळी खोकी उभी होती.

चिटणीस ठरल्याप्रमाणे मागे बसले. मी घंटा हातात धरून देवाचं नाव घेत होते. बाईंनी वळण आलं की स्टेअरिंग उलट्या बाजूला फिरवायचं, मोटार बरोबर बाजूला वळायची. मैलोगणती एकही चूक नाही. मिरजगावला उतरल्यावर चिटणिसांनी घाम पुसला.

"उत्तम. मला एक विचारायचंय. डावीकडे जायचं असलं की तुम्ही उजवीकडे फिरवता?"

बाईंनी औषधांची पेटी उचलली. मी घंटा पुसायला घेतली.

"होडीचं तसंच असतं," ते म्हणाले. "कोकणात पाहिलंय मी. मोटारीचंही असतं हे आज कळलं."

त्यांनी जन्मात मोटार चालवली नव्हती. फेरी चालू राहिली.

पण माझी झोप उडाली ती उडालीच. बाई आजारी पडल्या तर ही मोटार दुसरा कोणीही चालवू शकणार नव्हता. मिस्त्रींनी एकदा प्रयत्न केला आणि दवाखान्याच्या कंपाउंडचा खांब पाडला. म्हणून मी शोध सोडला नाही. सुटे भाग विकणाऱ्यांना विचारून झालं होतं. आता मी आमच्या ओळखीच्या माणसांना विचारायला लागले. बाळंत होऊन गेलेल्या बायका, त्यांचे भाऊ, शाळामास्तर, स्टेशनवरचे लोक. प्रत्येकाला एकच प्रश्न: तुमच्या गावात एखादी जुनी, चाकं नसलेली मोटार पडली आहे का? अशी मोटार प्रत्येक गावात असते. तिच्यात कोंबड्या असतात.

पुणतांब्याहून एका मास्तरांनी कळवलं की गोदावरीकाठच्या मळ्यात एक जुनी लॉरी आहे, आणि तिच्यावर आमच्याच कंपनीचा बिल्ला आहे. मी आणि मिस्त्री आगगाडीनं गेलो.

लॉरी पेरूच्या झाडांखाली विटांवर उभी होती. मागे कडबा, आणि पुढे ड्रायव्हरच्या जागी, उजव्या बाजूला, एक म्हातारे गृहस्थ स्टेअरिंग धरून बसलेले. त्यांचा मुलगा, म्हणजे मळ्याचा आताचा मालक, म्हणाला, "आमचे तात्या. ऊस वाहायचे ह्या लारीनं. आता रोज जेवून हितंच बसत्यात."

आम्ही काम सांगितलं. तात्यांनी स्टेअरिंगवरचा हात काढला नाही.

"ष्टेरिंग द्यायचं न्हाई."

"तात्या, आम्हाला स्टेअरिंग नको," मी म्हणाले. "खालचा डबा हवाय."

"मंग हे फिरंल का?"

मिस्त्री म्हणाले, "फिरंल, तात्या. मोकळं फिरंल."

"लारी वळंल का?"

मुलगा म्हणाला, "तात्या, लारीला चाकं न्हाईत."

"म्या तुला इचारलं का?" तात्यांनी आमच्याकडे वळून विचारलं, "बायामानसांसाठी हाय म्हन्ता?"

"बाळंतिणींसाठी. डॉक्टरीणबाई जातात गुरुवारी."

तात्या उतरले. मिस्त्रींनी डबा दांड्यासकट काढला, त्या जागी नळाचा तुकडा घट्ट बसवला, आणि वर स्टेअरिंग चढवून दिलं. तात्या परत चढले, फिरवून पाहिलं, आणि म्हणाले, "आता तर लई हलकं झालं." त्यांच्या सुनेला दिवस होते, तिला मी तपासलं आणि आम्ही संध्याकाळच्या गाडीनं परतलो. डबा गोणपाटात गुंडाळून मी मांडीवर घेतला होता. समोरच्या बाईला वाटलं मूल आहे.

डबा बसला, न उलटवता. मिस्त्रींनी डोळे मिटून स्टेअरिंग उजवीकडे फिरवलं, चाकं उजवीकडे गेली. त्यांनी त्या चहावाल्याकडून सगळ्यांना चहा पाजला. काम संपलं असं मला वाटलं, मी यादीत तशी खूणही केली.

गुरुवारी बाई व्यवस्थित चालवत होत्या. सावकाश, विचार करून. घोगरगाव ओलांडल्यावर एक शेळी आडवी आली. बाईंनी विचार केला नाही, हातांनीच केलं, आणि हातांनी उलट केलं. शेळी वाचली. आम्ही रस्ता सोडून बाभळीत गेलो. माझं कोपर फुटलं, निम्म्या बाटल्या फुटल्या, बाईंच्या कपाळातून रक्त. आम्ही मोटार बाहेर काढवली, आणि मिरजगावला गेलो. बाईंनी सगळ्या बायका तपासल्या, मग मी त्यांच्या कपाळाला टाके घातले.  येताना त्यांनी मोटार कासवासारखी चालवली.

दुसऱ्या दिवशी त्या मिस्त्रींच्या दारात.

"तो जुना लावा. उलटा."

"न्हाई लावनार," मिस्त्री म्हणाले. "तवा मला कळलं न्हवतं. आता कळून कसा लावू?"

"मी चालवते, तुम्ही नाही."

"म्हनूनच न्हाई."

मी त्या दोघांचं भांडण तिथेच सोडलं आणि खोकी मांडायला माळावर गेले. बाई आल्या. खोक्यांमधून त्या एकही न पाडता गेल्या. पण त्यांना ते पुरेसं वाटलं नाही. "सिस्टर, त्या टेकाडामागे उभ्या राहा. मला न सांगता मध्येच टोपली फेका."

मी टोपली फेकली. त्या बरोबर बाजूला गेल्या. परत फेकली, चुकीच्या बाजूला. परत, बरोबर. परत, चुकीच्या. संध्याकाळभर आम्ही तेच करत होतो. रोग्याची नाडी बघावी तसं त्या स्वतःकडे बघत होत्या. पुढची संध्याकाळही तशीच. तिसऱ्या संध्याकाळी टोपली हातात धरून मी टेकाडामागे उभी होते, तर मोटार आलीच नाही. मी पुढे जाऊन पाहिलं. बाई इंजिन बंद करून बसल्या होत्या.

"आता माझ्या हातांना दोन्ही येतं," त्या म्हणाल्या. "म्हणजे एकही येत नाही. असा हात मी ऑपरेशनच्या टेबलापाशी उभा राहू दिला नसता."

मी म्हणाले, "थोडे दिवस सवय केली तर—"

"किती दिवस? आणि मधल्या गुरुवारी काय?" त्यांनी पलीकडे सरकून जागा केली. "तुम्हाला उलटं कधी शिकवलं नाही, हे बरं झालं. बसा इथे."

मला वाटलं होतं मी नाही म्हणेन. मी चपला काढल्या आणि बसले.

मला शिकवताना त्या एकदाही ओरडल्या नाहीत, आणि मला तेच अवघड गेलं. खरं शिकवलं मिस्त्रींनी, शेजारी पायरीवर उभं राहून. माझा परवाना येईपर्यंत मिस्त्रींनीच गुरुवारी मोटार नेली. असे दोन गुरुवार बाई मागे बसल्या. आता मोटार मी चालवणार हे चिटणिसांना कळवलं तेव्हा ते म्हणाले, "बाईंना दगदग होते, बरंच झालं." त्यांना काहीच कळलं नव्हतं, आणि कळवण्याचं काही कारणही नव्हतं.

परवाना आला तो बुधवारी. गुरुवारी पहाटे बाई पुढे आल्या आणि डावीकडे, माझ्या शेजारच्या जागेवर बसल्या. आता ती जागा त्यांची झाली होती. सीट फाटली होती म्हणून तिच्यावर मी आदल्याच दिवशी काथ्याची चटई टाकली होती. गाव संपलं, पहिलं वळण आलं, आणि मी वळवायला लागले तोच शेजारून त्यांचे दोन्ही हात हवेत उठले. त्यांनी ते खाली घेतले. पुढच्या वळणाला पुन्हा उठले. मग त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले, तळवे खाली करून, आणि त्यांच्यावर बसल्या.

वाटेत बैलगाड्या आल्या, एक म्हैस आली, घोगरगावच्या पुढची ती बाभूळ आली. मी प्रत्येक वेळी समोर बघत होते, तरी मला त्यांचे खांदे ताठ होताना कळत होतं. हात बाहेर आले नाहीत.

मिरजगावला धर्मशाळेच्या ओट्यावर बायका येऊन बसल्या होत्या, नेहमीपेक्षा जास्तच. मी मोटार थांबवली. बाईंनी हात बाहेर काढले. तळव्यांवर काथ्याची वीण उमटली होती, लाल, खोल. बोटं मिटता येत नव्हती. त्यांनी ती एकमेकांवर चोळली, दोनदा उघडमीट केली, उतरल्या, आणि ओट्यावरच्या पहिल्या मुलीपुढे उकिडव्या बसून विचारलं, "पाळी कधी चुकली?"